कळशी सांडायचा खेळ

प्रांजली माझ्याकडं राहायला आली ती दोन हजार तेराच्या जूनमध्ये. उस्मानपुऱ्यातल्या माझ्या घराच्या वरच्या दोन खोल्या मी शिकणाऱ्या, नोकरी करणाऱ्या मुलींना देते. शाळेतून निवृत्त झाल्यापासून तेवढीच घराला सोबत. तिला सोडायला तिचे वडील मुंजाबा आले होते. लाल पटका, पांढरी बंडी, खांद्यावर घडी घातलेली घोंगडी. त्यांनी खोली पाहिली नाही. आधी न्हाणीघरात गेले आणि नळ सोडून पाहिला. नळ कोरडा होता.

“चौथ्या दिवशी येतं पाणी,” मी म्हटलं.

“येतं ना पर,” ते म्हणाले आणि पोरीची पिशवी खाली ठेवली.

त्यांची वस्ती पैठण तालुक्यात, पाचोडच्या अलीकडं. धनगराचं घर. साठ-सत्तर मेंढरं होती, ती दोन वर्षांच्या दुष्काळात वीसवर आली. गुरांच्या छावण्या निघाल्या, पण त्यांच्या भागातल्या छावणीत मेंढरं घेत नव्हते. मुंजाबा उरलेला कळप घेऊन नदीकाठानं लांब लांब जायचे. आई पुतळाबाई दुसऱ्याच्या रानात रोजानं जायची. प्रांजली बारावी झालेली. तिच्या चित्रकलेच्या मास्तरांनी शहरातल्या एका अ‍ॅनिमेशनच्या क्लासचा फॉर्म भरून दिला, रदबदली करून फी निम्मी करून घेतली, आणि ती आली.

तिच्या हातात काय आहे ते मला तिसऱ्याच दिवशी दिसलं. मी ओट्यावर मेथी निवडत बसले होते. तिनं वहीच्या मागच्या पानावर मला काढलं. चष्मा नाकाच्या शेंड्यावर आलेला, एक पाय लांब पसरलेला. माझा उजवा गुडघा वाकत नाही. हे मी तिला सांगितलं नव्हतं, पण चित्रातल्या बाईचा गुडघा वाकत नव्हता.

क्लासमध्ये तिला अपेक्षा भेटली. करमाडकडच्या बागायतदार घरातली. त्यांची बरीच जमीन कारखान्यांच्या वसाहतीला गेली, तेव्हा तिचे वडील नानासाहेब शहरात आले आणि बीड बायपासला चौथ्या मजल्यावर फ्लॅट घेऊन राहिले. अपेक्षा इंग्रजी शाळेत शिकलेली, भरपूर वाचणारी, स्वभावानं मोकळी. पहिल्याच आठवड्यात तिनं प्रांजलीच्या डब्यातली बाजरीची भाकरी खाल्ली आणि दुसऱ्या दिवशी तिच्यासाठी धपाटे घेऊन आली. दोघींची गट्टी जमली.

पण प्रांजली संध्याकाळी जिना चढायच्या आधी माझ्यापाशी टेकायची आणि पाच-दहा मिनिटं अपेक्षाबद्दलच बोलायची. त्या बोलण्यात एक किरकिर असायची. अपेक्षाकडं चित्र काढायचा पेनटॅब आहे, तोही कोरा. अपेक्षाला सर नावानं हाक मारतात आणि मला ‘ए पाचोड’ म्हणतात. अपेक्षानं घोडा काढला, त्याचे मागचे गुडघे उलटे, तरी सर म्हणाले विचार चांगला आहे.

“काकू, विचार चांगला हाय म्हंजे काय? घोडा लंगडतोय की.”

शनिवार-रविवार अपेक्षा तो पेनटॅब तिला घरी न्यायला द्यायची. प्रांजली दोन दिवस जेवणाखाणाची शुद्ध नसल्यासारखी तो मांडीवर घेऊन बसायची, आणि सोमवारी परत न्यायला पिशवीत घालताना तिचं तोंड उतरायचं. मी एकदा म्हटलं, “अगं, ती आपणहून देते.”

“तेच तर,” ती म्हणाली. “तिला देता येतं.”

दीड वर्षानं दोघींना एकाच ठिकाणी नोकरी लागली. गुलमंडीजवळ कापडाच्या एका दुकानावर, तिसऱ्या मजल्यावर, आदिनाथ नावाच्या माणसानं छोटी कंपनी काढली होती. मोबाइलवरचे गेम करायचे आणि बाहेरच्या मोठ्या कंपन्यांना द्यायचे. नऊ जणांत या दोघीच मुली. आदिनाथ काही वाईट माणूस नव्हता. कुणाच्या घरी दुखलं-खुपलं तर सुट्टीला नाही म्हणायचा नाही. शहर चारी बाजूंनी वाढत होतं, तर आपल्या औरंगाबादेतूनही एक गेम देशभर जावा, एवढीच त्याला हौस होती.

दोन हजार सोळा उजाडलं ते पुन्हा कोरडंच. पेपरात रोज टँकरचे फोटो. माझ्याकडंही पाणी सहाव्या दिवशी यायला लागलं. त्याच दिवसांत आदिनाथला गेम सुचला. दुष्काळी गावातली एक बाई, तिचं नाव कस्तुरी. डोक्यावर कळशी घेऊन विहिरीपासून घरापर्यंत पळते. वाटेत दगड, कुत्री, बाभळीच्या काटेरी फांद्या, मोकाट बैल. खेळणाऱ्यानं बोटानं तिला इकडंतिकडं न्यायचं, उडी मारायला लावायची. धडकली की पाणी सांडतं.

कस्तुरी काढायचं काम प्रांजलीकडं आलं. पहिली कस्तुरी तिनं काढली ती वस्तीवरच्या बायांसारखी. रुंद पावलं, ताठ मान, खोचलेलं लुगडं.

आदिनाथ म्हणाला, “छान आहे. पण ही कुणाची तरी मावशी वाटते. जरा यंग कर. कंबर बारीक कर.”

तिनं केली. मग पोलकं आखूड झालं. मग एके दिवशी आदिनाथच्या डोक्यात आलं की पाणी सांडतं, तर ते तिच्या अंगावर पडेल ना. दर धडकेला साडी अजून थोडी भिजेल, अंगाला चिकटेल.

“लॉजिकल आहे,” तो म्हणाला.

त्या कामावर प्रांजली तीन आठवडे बसली. ओलं कापड अंगाला कुठं चिकटतं, कुठं सुटतं, चुण्या कशा पडतात, पदर जड झाला की कसा लोंबतो. घरी बादलीत ओढणी बुडवून ती दोरीवर टाकायची आणि समोर बसून बघायची. पाण्यावरून मी रागावले, तर त्याच पाण्यानं तिनं सगळी फरशी पुसून काढली. तिच्या हातून आजवर झालेलं ते सगळ्यात अवघड काम होतं आणि ते तिला साधलं. ऑफिसातली पोरं तिच्या खुर्चीमागं गोळा झाली. आदिनाथ म्हणाला, मुंबईचे लोकसुद्धा असं काढू शकत नाहीत. त्या दिवशी ती घरी आली ती गुणगुणत. म्हणाली, “सगळे माझ्यापाशी होते काकू. अपेक्षा एकटीच तिकडं तिच्या टेबलाशी.”

अपेक्षाचं काम होतं गेम खेळून पाहायचा आणि चुका लिहून काढायच्या. गेम तयार झाल्यावर आदिनाथनं एका कॉलेजातली दहा-बारा मुलं खेळायला बोलावली. अपेक्षा त्यांच्या मागं वही घेऊन उभी राहिली. सुरुवातीला मुलं नीट खेळली. मग एकाच्या लक्षात आलं आणि त्यानं शेजारच्याला दाखवलं. थोड्या वेळानं सगळेच कस्तुरीला मुद्दाम दगडावर घालायला लागले. कुणालाच तिला घरी न्यायचं नव्हतं. “और एक बार,” म्हणत हसत होते.

दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर अपेक्षा म्हणाली, “सर, हा पाणी आणायचा खेळ राहिलाच नाही. पाणी सांडायचा झालाय.”

“खेळताहेत ना पण? किती वेळ खेळले बघ.”

“तिला कुणी घरी पोचवतच नाहीये.”

“अरे यार, गेम आहे. तू लई सीरियस घेते.”

अपेक्षानं प्रांजलीकडं पाहिलं. प्रांजली स्क्रीनकडं बघत राहिली.

त्या संध्याकाळी दोघी माझ्या ओट्यावर आल्या. मी चहा ठेवला. अपेक्षानं कपाला हातही न लावता सुरू केलं.

“तू वाईट काढलंस असं मी म्हणतच नाही. तू इतकं चांगलं काढलंस म्हणूनच ती पोरं तसं करताहेत.”

“मंग वाईट काढू?”

“तसं नाही गं. आतापर्यंतच्या गेमांत बाई दोनच कामांना. एक तर शेवटच्या लेव्हलला कोंडलेली असते, हिरोला बक्षीस म्हणून मिळायला. नाहीतर नुसती बघायला. ही आपली पहिली बाई होती जी स्वतः पळते, स्वतःचं काम करते. तिलाही आपण बघायचीच करून टाकली.”

“गावातल्या बाईनं सुंदर दिसू नये का? तुमच्यातल्या पोरींनीच दिसावं?”

“सुंदर दिसणं आणि हे, एकच आहे का?”

प्रांजलीनं कप खाली ठेवला. “तुला बोलायला काय जातं? उद्या नोकरी गेली तर तू बायपासला जाऊन बसशील. म्या कुठं जाऊ?”

अपेक्षा निवलेला चहा प्यायली आणि गेली. मला त्या दोघींचंही पटत होतं. पस्तीस वर्षं पोरींच्या शाळेत शिकवलेली बाई मी, आणि साखर पुरली का एवढंच विचारत राहिले.

मार्चमध्ये गेम बाहेर आला आणि चालला. तीन आठवड्यांनी एका मराठी पेपरच्या रविवार पुरवणीत एक लेख आला. लिहिणारीचं नाव वेगळंच होतं, पण चार ओळींत मला कळलं की ही अपेक्षा. लेख चांगला होता, उगाच का खोटं बोलू. मालिकांमधल्या बाया घरात दागिने घालून कट करत का बसतात, जाहिरातीत कपड्यांवरचा डाग फक्त बाईलाच का दिसतो, तिथून सुरू करून ती गेमवर आली. एका दुष्काळाच्या गेममध्ये मुलं पाणी मुद्दाम कसं सांडतात ते तिनं लिहिलं होतं. ज्या जिल्ह्यात बाया कोसावरून हंडा आणतात, तिथली मुलं हंडा सांडण्यात मजा घेतात, असं काहीसं वाक्य होतं. आणि त्याच्याखाली हे होतं: ‘ही बाई काढणाऱ्या हातानं आयुष्यात कधी कळशी उचललेली नसणार. शहरातल्या गार खोलीत बसून कुण्या पुरुषानं ती काढली असणार.’

प्रांजलीनं लेख उभ्या उभ्या वाचला. मग माझ्यापुढं बसली आणि डोक्याच्या मध्यावरचे केस दोन्ही हातांनी बाजूला केले. तिथं रुपयाएवढी जागा विरळ होती.

“सहा वर्सांची व्हते तवापासून पाणी आणते म्या,” ती म्हणाली. “हे बघा. इथले केस गेलेत.”

“तुझ्याकडं कुणी बोट दाखवू नये म्हणून लिहिलं असेल तिनं तसं.”

“म्हंजे मला वाचवायला मलाच पुरुष केलं तिनं?”

त्या आठवड्यात तो लेख सगळीकडं फिरला. माझ्या जुन्या शाळेतल्या बाईंनी फोन करून विचारलं, कोण गं ही लिहिणारी. ऑफिसातल्या पोरांनी मोबाइलवर एकमेकांना पाठवला. खालच्या कापडाच्या दुकानातल्या सेल्सगर्लनं प्रांजलीलाच वाचून दाखवला. प्रांजलीनं पेपरातलं ते पान कापून गादीखाली ठेवलं होतं. खोली झाडताना मला ते दिसलं. घड्या घालून घालून मऊ पडलेलं. मी विचारलं तेव्हा ती भिंतीकडं बघत म्हणाली, “लिहिलंय मात्र भारी.” चिडली असती तर मला बरं वाटलं असतं.

पुढचं मला नंतर कळलं, पण घडलं त्याच आठवड्यात. गेम घेतलेल्या बाहेरच्या कंपनीनं आदिनाथला विचारलं, हा लेख तुमच्याच गेमबद्दल आहे का. तो तापला. सगळ्यांना उभं करून विचारलं, बाहेर कोण बोललं. कुणी बोललं नाही. अपेक्षाही नाही. जेवणाच्या सुट्टीनंतर प्रांजली रजेच्या अर्जावर सही घ्यायला त्याच्या केबिनमध्ये गेली. सही झाल्यावर अर्ज हातात घेऊन म्हणाली, “सर, तो लेख अपेक्षाचा हाय.” एवढंच. संध्याकाळपर्यंत अपेक्षाचं टेबल रिकामं झालं होतं. त्या टेबलाशी खिडकी होती. महिन्याभरानं आदिनाथनं प्रांजलीला चित्रांच्या कामाची मुख्य केली आणि ते टेबल दिलं.

आता तरी ही शांत होईल, असं मला वाटलं. पगार वाढला, तिनं स्वतःचा पेनटॅब घेतला. पण अपेक्षाचं काही अडलं नाही. नोकरी गेल्यावर तिनं त्या लेखावर आपलं खरं नाव सांगून टाकलं. कॉलेजांतून बोलावणी यायला लागली. पेपरात फोटो आला, हातात माइक, समोर भरलेला हॉल. प्रांजली तो फोटो बघून म्हणायची, “माझी कस्तुरी पडद्यावर दाखवून बोलती ती. चित्र माझं, टाळ्या तिला.” हे एका परीनं खरंही होतं.

मग बायकांच्या एका संस्थेनं अपेक्षाला काम दिलं. दुष्काळी गावांतल्या बायांशी बोलायचं, पाण्याबद्दल त्या काय सांगतात ते टिपून घ्यायचं. तिनं प्रांजलीला फोन केला. “तुझ्या आईकडं जाऊन राहू का दोन-तीन दिवस?” प्रांजलीला नाही म्हणता येईना. नाही का म्हणतेस, असं विचारलं असतं तर काय सांगणार होती?

“जा की,” ती म्हणाली.

अपेक्षा तीन दिवस वस्तीवर राहिली. चौथ्या दिवशी पुतळाबाईचा फोन आला. प्रांजली माझ्यासमोर बसूनच बोलत होती आणि तिच्या आईचा आवाज एवढा मोठा की मला सगळं ऐकू येत होतं.

“लई गुणाची पोर बघ. माझ्यासंगं रानात आली. हंडा घेतला डोईवर. दोनदा सांडला, पर घेतला. आन किती इचारलं गं तिनं. लहानपणापास्नं सगळं. मला आजवर कुनी इतकं इचारलं नाय.”

प्रांजलीनं फोन ठेवला. जेवायला वाढलं तर ताटावरून उठली. जिन्याच्या पहिल्या पायरीवर थांबून म्हणाली, “नोकरी गेली तरी तिचं बरंच झालं. आता माझी आईबी घेतली.”

त्या रविवारी सकाळच्या एसटीनं ती गावाला गेली. तीन वर्षांत ती न सांगता अशी कधी गेली नव्हती.

वस्तीवर टँकर येऊन गेला होता. पुतळाबाई लिंबाखाली ड्रमांवर फडकी बांधत होती. लेक आलेली बघून खुश झाली. पण लेकीनं पाणीसुद्धा घेतलं नाही, आधी विचारलं, “काय काय सांगितलंस तिला?”

“सगळं.”

“मला तर कधी काय सांगितलं नाय.”

“तू बसतीस कुठं? आलीस की वहीत, नायतर मोबाइलात.” पुतळाबाईनं फडक्याची गाठ मारली. “तिला त्या आडाचं सांगितलं. ते कुनालाच सांगितलं नव्हतं म्या.”

“कोणतं आडाचं?”

“नवी नवरी व्हते. गावच्या आडावर जायची पाण्याला. तिथं पारावर एक जण बसायचा. नाव नाय घेत, मेला तो आता. कळशी डोईवर चढवली की उठून यायचा आन धक्का द्यायचा. चुकून लागला असं दाखवायचा. सगळं पाणी अंगावर. लुगडं भिजून चिकटायचं, आन पारावरचे सगळे दात काढायचे. पुन्ना भरायची, पुन्ना धक्का. घरी रिकामी कळशी नेली की सासू बोलायची. मंग म्या तो आडच सोडला. तिकडं लांबच्या हिरीवर जायला लागले. दोन वर्सं.”

“आबाला सांगितलं नाय?”

“तुझा बा मेंढरामागं. आन सांगायचं काय? पाणी सांडलं म्हनून?”

प्रांजली ड्रमाला टेकून खाली बसली. पुतळाबाईला वाटलं पोरीला ऊन लागलं. तिनं तांब्या भरून दिला, आणि लेक पाणी पीत असताना मायेनं विचारलं, “तू काय काढतीस गं कंपनीत? ती पोर म्हनत व्हती, प्रांजलीसारखा हात मला असता तर म्या बोललेच नसते, काढलंच असतं. दाखव की मला बी.”

गेम प्रांजलीच्या मोबाइलमध्येच होता. तो चालवायला रेंज लागत नाही.

“रेंज नाय इथं,” ती म्हणाली.

सोमवारी ती कामावर गेली नाही. दुपारी खाली आली, माझ्याजवळ बसली, आणि अर्जावर सही घेतल्यापासून आडापर्यंत सगळं एका दमात सांगून टाकलं. रडली नाही. मग मोबाइल काढून गेम लावला आणि म्हणाली, “बघा काकू, एकदाबी न सांडता नेते हिला.” तिचा हात तयार होता. कस्तुरी दगड चुकवत, बैल चुकवत पळत राहिली, साडी कोरडीच. शेवटी घर आलं. घर म्हणजे नुसतं एक दार होतं. त्याच्यापुढं स्कोर आला आणि खेळ संपला. दारामागं काही काढलेलंच नव्हतं.

“इथवर कुणी येतच नाय,” प्रांजली म्हणाली, “म्हणून सर राहू दे म्हणले.”

मी म्हटलं, “अपेक्षाला सांग.”

ते तिला जड गेलं. आठ दिवस घेतले. शेवटी क्रांती चौकाजवळच्या एका हॉटेलात तिला बोलावलं आणि चहा यायच्या आत सांगितलं. तिथं काय झालं ते तिनंच मला सांगितलं.

अपेक्षा म्हणाली, “मला वाटलं होतं त्या पोरांपैकी कुणीतरी असेल. तुझं नाव माझ्या मनातही आलं नाही.”

“तू मला पुरुष केलंस लेखात.”

“तुला वाचवायला केलं.”

“इचारायचं व्हतंस मला.”

“हो, विचारायला हवं होतं,” अपेक्षा म्हणाली. “पण मी तुझ्या आईच्या हातचं तीन दिवस जेवत होते, तेव्हा तुला हे माहीत होतं. आणि तू फोनवर मला विचारत होतीस, झोप लागली का.”

चहा आला. अपेक्षानं पैसे ठेवले आणि निघून गेली. त्यानंतर तिनं प्रांजलीचा फोन उचलला नाही.

आदिनाथला गेमचा दुसरा भाग करायचा होता. प्रांजली वही घेऊन त्याच्याकडं गेली. पाणी सांडलं तर ते जमिनीत जाईल, कळशी रिकामी होईल, आणि परत विहिरीवर जावं लागेल. सांडण्यात काही बघायला मिळणार नाही. घर आतून काढायचं, तिथं वाट बघणारी माणसं काढायची. आदिनाथनं सगळं नीट ऐकून घेतलं. म्हणाला, “घर घेऊ. मस्त आहे. पण भिजणं राहील. लोक त्याच्यासाठीच येतात, तुला माहितीये.”

“म्या नाय काढणार ते.”

“नको काढू. विकास काढेल.”

विकासनं काढलं. वाईट काढलं. साडी रबरासारखी दिसत होती. कुणाला फरक पडला नाही. प्रांजली लगेच नोकरी सोडू शकली नाही; त्या वर्षी घर तिच्याच पगारावर चालत होतं. चार महिने ती त्याच खिडकीशी बसून डोंगर आणि झाडं काढत राहिली. पाऊस झाला, मुंजाबांनी पुन्हा चार मेंढ्या घेतल्या, मग तिनं राजीनामा दिला. जिथं शिकली त्याच क्लासमध्ये ती शिकवायला लागली आणि शाळांसाठी तक्ते काढायला लागली. गेमचं म्हणाल तर वर्षभरात तो कुणाच्या मोबाइलमध्ये राहिला नाही.

दोन हजार अठराच्या दिवाळीनंतर अपेक्षाचा फोन आला. संस्था त्या बायांच्या बोलण्याचं पुस्तक काढत होती.

“चित्रं तू काढ,” अपेक्षा म्हणाली. “दुसऱ्या दोघांकडून करून बघितली. त्यांच्या बायांच्या डोक्यावर हंडा राहत नाही.”

“माझं नाव कुठं येईल?”

“मुखपृष्ठावर. माझ्या नावाएवढंच.”

दोघींनी चार महिने काम केलं. पूर्वीची गट्टी काही परत आली नाही. अपेक्षा यायची, कागद द्यायची, चित्रं बघायची, जे खटकलं ते सांगायची. प्रांजली ऐकायची, भांडायची, काही बदलायची, काही बदलायची नाही. आईच्या आडाचं चित्र तिनं सगळ्यात शेवटी काढलं. त्यात पारावरची माणसं पुढं आहेत, हसणारी, एकेकाचं तोंड ओळखू यावं इतकी स्पष्ट. बाई पाठमोरी, कळशी घेऊन दुसऱ्या वाटेला लागलेली. पुतळाबाईनं ते चित्र जवळ धरून, लांब धरून बघितलं.

“भिजलेली नाय काढलीस मला,” ती म्हणाली.

“नाय.”

“आन ह्यो त्योच हाय.” तिनं पारावरच्या एकावर बोट ठेवलं. प्रांजलीनं त्या माणसाला कधी पाहिलेलं नव्हतं. मनानंच काढला होता.

पुस्तकाचं प्रकाशन शहरातल्या एका छोट्या हॉलमध्ये झालं. मी, प्रांजली आणि पुतळाबाई तिसऱ्या रांगेत बसलो होतो. मुंजाबा मागं दाराशी उभे राहिले, बसा म्हटलं तरी बसले नाहीत. चित्रांबद्दल पाहुण्यांनी दोन वाक्यं सांगितली, प्रांजलीला उभं केलं, टाळ्या झाल्या. मग अपेक्षा बोलायला उठली. चाळीस मिनिटं बोलली. हातात कागद नाही. सिनेमातल्या बायांवरून मालिकांवर, मालिकांवरून गेमवर, गेमवरून आडावर, आणि हॉलमध्ये कुणी जागचं हललं नाही. पुतळाबाईचं नाव तिनं घेतलं तेव्हा त्या माउलीनं पदर डोक्यावर सारखा केला. भाषण संपल्यावर सगळ्यांत आधी टाळ्या पुतळाबाईनं वाजवल्या आणि सगळ्यांत शेवटी थांबवल्या. कार्यक्रमानंतर अपेक्षा खाली आली आणि पुतळाबाईच्या पाया पडली. पुतळाबाईनं तिच्या तोंडावरून हात फिरवून बोटं मोडली. मी प्रांजलीकडं बघितलं. ती खुर्च्यांखाली आपली चप्पल शोधत होती. चप्पल तिच्या पायातच होती.

आई-वडील शहागंजहून गाडीला बसले आणि आम्ही दोघी रिक्षानं घरी निघालो.

“काकू,” ती म्हणाली, “आईनं माझी कधी अशी दृष्ट काढली नाय.”

“लेकीची काढायची राहून जाते गं.”

“काय बोलली ना ती पण. एक शब्द अडला नाय.” बाहेर रस्त्याचं खोदकाम चालू होतं, रिक्षा थांबत थांबत चालली होती. “सहा वर्सं झाली. अजून जळतं मला. आज वाटलं व्हतं, पुस्तकावर दोघींची नावं एकसारखी आली, आता थांबेल.”

मग तिनं पिशवीतून पुस्तक काढलं, मांडीवर उघडलं आणि एका चित्रावर नख टेकवून म्हणाली, छापताना इथला काळा रंग फिका झालाय, दुसऱ्या आवृत्तीला अपेक्षाला सांगून नीट करून घ्यायला पायजे.